तळातील जीव : निरंक

निरंक हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा लिहिला आहे की आता तो हाताला आपोआप येतो. कॉलेजात कुठलाही तक्ता भरताना रकाना रिकामा ठेवायचा नसतो. रिकामा दिसला की कार्यालयातून कागद परत येतो, वर पेन्सिलीनं गोल करून. म्हणून काही नसेल तिथं निरंक लिहायचं. परदेश दौरे, निरंक. पुरस्कार, निरंक. चौकशी प्रलंबित असल्यास तपशील, निरंक. खरं तर मोजून पाहिल्यावर काही निघालं नाही तर हा शब्द लिहायला हवा. पण मोजलंच नसेल तरी तोच चालतो, आणि वाचणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

असा एक निरंक मी तलावाच्या कागदावर लिहिला. त्याबद्दल लिहायचं किती तरी दिवस टाळत आलो.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. बीड जिल्ह्यात जन्म, शेती मुरमाड माळावरची, आणि तरुणपणी दोन वर्षं कोकणात एका प्रयोगशाळेत होतो. होडीतून समुद्राच्या तळाचा चिखल काढायचा, तो चाळायचा, त्यातले किडे, शिंपले, गोगलगाई वेगळ्या करून मोजायच्या, एवढंच काम. सुट्टीत घरी आलो की आई शेजारणींना सांगायची, "लई शिकलाय, आता समुद्राचा गाळ काढतोय." त्या तोंडाला पदर लावायच्या. एकीनं विचारलं होतं, आपल्या हिरीतला काढ म्हणावं आदुगर.

समुद्र मला आवडला नाही. होडीत मळमळायचं. चिखल मात्र आवडला. काचेच्या नळीतून तळाचा चिखल उभाच्या उभा काढून आणत, तेव्हा त्याचे थर दिसायचे. वर बोटभर तपकिरी, खाली राखाडी, त्याखाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा. तपकिरी भागापर्यंत हवा पोचलेली असते, काळ्यात पोचलेली नसते. पण त्या काळ्यातही मधूनच तपकिरी रेघा खोल उतरलेल्या दिसत. त्या किड्यांच्या बिळांच्या भिंती. किडा बिळात अंग हलवत राहतो, त्यानं वरचं पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर हवाही. शिंपलेही चिखल उकरत, उलथत राहतात. त्यांच्यामुळे तळ श्वास घेतो, असं मी विद्यार्थ्यांना अजून सांगतो.

एका खाडीच्या तोंडाशी मी असा तळ बिघडताना पाहिला. पाणी वरून होतं तसंच होतं, लोक फोटो काढत होते. उन्हाळ्यागणिक पाणी जास्त तापत होतं, वरून सांडपाणी येत होतं, तळाशी हवा कमी पडत होती. आधी मोठे शिंपले गेले. मग खोल बिळं करणारे लांब किडे. उरले ते दोऱ्यासारखे बारीक लाल किडे, त्यांना थोडक्या हवेत भागवता येतं. ते अमाप वाढले. नुसता आकडा पाहिला तर तळ भरभराटीला आलाय असं वाटावं. पण नळीत पाहिलं की तपकिरी थर नखाएवढा उरलेला आणि काळा वर चढलेला.

नोकरी लागली ती आमच्याच भागात. समुद्र सुटला. धर्मापुरीच्या बाजूला, आमच्या गावाच्या शिवारात, दुष्काळी कामावर बांधलेला एक साठवण तलाव आहे. मी ठरवलं, समुद्र नाही तर नाही, याचा तळ पाहू.

चिखल उचलायला अवजार हवं होतं. परळीत स्टेशनाजवळ एका वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो आणि कागदावर आकृती काढून दिली. दोन जबडे, मध्ये स्प्रिंग. दोरीनं खाली सोडायचं, तळाला टेकलं की जबडे मिटून ओंजळभर चिखल घेऊन वर येतं. चाचांनी भंगारातला पत्रा आणि स्कूटरची स्प्रिंग वापरून आठवड्यात करून दिलं. देताना म्हणाले, "सर, इसमें मच्छी नै आती. खाली कीचड़ आता." मी म्हणालो, मला कीचडच पाहिजे. चाचांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्यासाठी चहा मागवला, बरं नसलेल्या माणसासाठी मागवतात तसा. त्या अवजाराला आम्ही पंजा म्हणू लागलो.

आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामा नात्यानं माझे कोणी नाहीत. तलावावर भोयांची सहा-सात घरं मासे धरतात, त्यातले ते थोरले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी थर्माकोलचे तुकडे जाळ्यात बांधून केलेल्या त्यांच्या तराफ्यावर मी घाबरत बसलो, तेव्हा ते म्हणाले, "मी मामा, तर मंग तुमी भाचे. भाच्याला बुडू देऊन कसं जमंल?" तेव्हापासून मी भाचे झालो. आमच्याकडे भाच्याला मान असतो. कॉलेजात सगळे सर म्हणत, पण कुणी भाचे म्हटलं की मला बरं वाटायचं.

वर्षातून चार वेळा, ठरलेल्या सहा जागी आम्ही पंजा टाकायचो. मामींनी पिठाची एक जुनी चाळणी दिली होती, तीत चिखल धुवायचा. सुरुवातीच्या वर्षांत चाळणीत तळहाताएवढे शिंपले यायचे, लहान गोगलगाई यायच्या, तपकिरी थर चांगला दोन बोटं असायचा. पुढं तलाव वरचेवर आटू लागला. भोवती ऊस आला, त्याचं खत पहिल्या पाण्याबरोबर तलावात उतरू लागलं. पाणी हिरवं दिसायला लागलं. उन्हाळ्यात पहाटे मासे तोंड वर काढून तरंगायचे. चाळणीत शिंपले कमी आणि लाल अळ्या जास्त दिसायला लागल्या. मी मामांना खाडीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हंजी तळाला ताप आलाय." मी वहीत लांबलचक वाक्य लिहिलं होतं, त्यात याहून जास्त काही नव्हतं.

तलाव पूर्ण आटला तरी मामांचं तळाशी जाणं थांबत नसे. भेगाळलेल्या चिखलावरून ते अनवाणी चालायचे, मध्येच थांबून टाच रोवायचे, अंगाचा भार तिच्यावर टाकायचे आणि सांगायचे, वल हातभर खाली हाय, इथं दीड हात. वल म्हणजे ओल. मी एकदा खणून मोजलं, त्यांचं दोन बोटांपेक्षा जास्त चुकलं नाही. तलावाच्या पोटात, गावाच्या पाण्यासाठी खणलेल्या विहिरीच्या जरा अलीकडे, एक सखल जागा होती. तिला ते बियाचा खड्डा म्हणत. त्यांचं म्हणणं, पाणी हटायला लागलं की शिंपले सरकत सरकत तिथं येतात, वलीच्या मागं खाली जातात आणि तोंड मिटून पाण्याची वाट बघत बसतात. तलाव आटल्यावर शेवटचं पाणी जिथं सुकतं तिथं मामी एका दगडाला हळद-कुंकू लावून ठेवायच्या. त्यानंतर पाणी येईपर्यंत तिथं कुणी कुदळ घालायची नाही, गुरंही बांधायची नाहीत. शेतकरी पेरायला कणगीत बी राखून ठेवतो, तसं हे बी.

शिंपले चिखलात महिनोन्महिने मिटून राहू शकतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी बियाच्या खड्ड्याबद्दल मी माझ्या वहीत दोनच शब्द लिहिले : स्थानिक समजूत. आणि तो कधी उकरून पाहिला नाही, कारण मामींना वाईट वाटलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका संस्थेनं तलावातला गाळ काढून शेतांत टाकायचं काम घेतलं. काम वाईट नव्हतं, आजही मी वाईट म्हणणार नाही. तलाव निम्मा भरत आला होता आणि माळावरच्या जमिनींना मातीची गरज होती. कामाच्या कागदांत तज्ज्ञाचा अभिप्राय म्हणून एक पान होतं, ते प्राचार्यांमार्फत माझ्याकडे आलं. सरपंचांचा फोन आला, सर, तळं तुमचंच हाय, तुमीच लिव्हा. पानावर सात-आठ रकाने होते. त्यातला एक, तळातील जीव.

मामा-मामी तेव्हा युसूफ वडगावला लेकीकडे नातवाच्या बारशाला गेले होते. चार दिवसांत येणार होते. मी चार दिवस थांबू शकलो असतो. कागद दुसऱ्या दिवशी हवा होता हे खरं, पण मी मागितले असते तर चार दिवस मिळाले असते.

दुपारी बाराच्या सुमाराला मोटारसायकलवर आटलेल्या तलावावर गेलो. त्या वर्षी मी फार थकलो होतो, परीक्षेचे पेपर तपासून, घरातल्या आजारपणानं, कशानंही म्हणा. काठापासून थोडं आत जाऊन पंजा टाकला. रस्त्यावर टाकल्यासारखा आवाज झाला आणि तो उताणा पडला, जबडे उघडे. पंजा पाण्याखालच्या मऊ चिखलासाठी केलेला. वाळलेला तळ त्याला चावता येत नव्हता, आणि हे मला माहीत होतं. मग खुरप्यानं चार बोटं खरवडलं. कोरडी माती निघाली. बियाचा खड्डा तिथून दिसत होता, दगडही दिसत होता. मध्ये दोन-तीनशे पावलं भेगा होत्या आणि ऊन होतं. मी गेलो नाही. गाडीच्या सीटवर कागद ठेवून तळातील जीव या रकान्यात निरंक लिहिलं, खाली सही केली, हुद्दा लिहिला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गाळ ज्यांच्या शेतात पडणार त्या यादीत पहिलं नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं, म्हणजे आमच्या चार एकराचं. त्यासाठी मी निरंक लिहिलं असं मला वाटत नाही. पण गाळ लवकर यावा असं मनात नव्हतंच, असंही म्हणता येणार नाही.

आठ-दहा दिवसांनी भावानं शेतात बोलावलं. माळावर काळी माती पसरली होती, इतकी सुंदर माती आमच्या रानात मी कधी पाहिली नव्हती. भाऊ खुशीत होता. ढेकळांमध्ये पांढरं काही चमकत होतं आणि बगळे मागोमाग फिरत होते. जवळ गेलो तर शिंपले. पुष्कळ उघडे पडलेले, उन्हानं वाळलेले. एक ढेकूळ पायानं फोडलं, आत एक मिटलेला शिंपला होता. उचलला. जड होता. मेलेला शिंपला हलका होतो, उघडतो. हा घट्ट मिटलेला होता आणि कडेला ओलसर होता. दुसरं ढेकूळ फोडलं, तिसरं फोडलं. भाऊ म्हणाला, "दादा, कावून ढेकळं फोडतोस? नांगर फोडंल की." मी म्हणालो, काही नाही. अकरा जिवंत सापडले. बादलीत घालून वर ओलं फडकं टाकलं आणि थेट तलावावर गेलो.

बियाचा खड्डा राहिला नव्हता. पोकलेननं तो पिवळ्या मुरमापर्यंत खणला होता. खणलेल्या कडेला कमरेइतकी काळी भिंत उभी होती, आणि तिच्यात हातभर खाली, ओलीच्या रेघेवर, शिंपले एकमेकांना लागून बसलेले दिसत होते. काही बकेटच्या दातांनी फुटलेले. पोकलेनवाला सावलीत डबा खात होता. त्यानं मला जेवायला बोलावलं. उरलेला भाग मी तेव्हा थांबवू शकलो असतो. एक फोन केला असता तरी पुरलं असतं. पण मग कागदाचं काय, असं मनात आलं आणि मी बादली घेऊन घरी आलो.

घरच्या वापरायच्या पाण्याच्या हौदात ते अकरा सोडले. बायकोनं विचारलं हे काय, मी म्हणालो, कॉलेजचं आहे. आठवड्याभरात मरायला लागले. शेवटचा नागपंचमीपर्यंत राहिला. पाण्याला वास यायला लागला तेव्हा तिनं हौद उपसायला लावला.

लेकीकडे चाराचे पंधरा दिवस होऊन मामा आले ते आधी तलावात गेले आणि तिथून सरळ माझ्या घरी. चहा झाला. मग त्यांनी विचारलं, "भाचे, तुमाला इचारलं न्हाई का कुणी?"

मी म्हणालो, "नाही. कुणी विचारलं नाही."

ते म्हणाले, "इचाराया पायजे व्हतं." आणि मग माझीच समजूत घालत राहिले. एवढी वर्षं चिखलात हात घालणाऱ्या माणसाला कुणी विचारू नये याचं त्यांना वाईट वाटत होतं. जाताना खांद्यावर हात ठेवला. मामींनीही मला काही विचारलं नाही, शिंपल्यांच्या दिवसांत पाठवायच्या तसं कालवण तेवढं पुन्हा कधी आलं नाही, कारण शिंपलेच नव्हते.

पुढची चार वर्षं आम्ही पंजा टाकत राहिलो. तलाव भरला, आधीपेक्षा जास्त पाणी साठलं, लोक खूश होते. आमच्या चार एकरात कापूस असा आला की भावानं लोकांना बोलावून दाखवला. पंजात मात्र पिवळा मुरूम यायचा आणि चाळणी रिकामी राहायची. मग मुरमावर बोटभर नवा गाळ बसला. मऊ, काळा, वासाचा. त्यात लाल अळ्या आल्या, भरपूर आल्या. बाकी काही आलं नाही. मुळापासून नवा तळ कसा तयार होतो हे पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते, आणि ती मला माझ्याच चुकीतून मिळाली होती. खाडीतल्या तळासारखाच हाही सगळ्यात आधी कशावरही जगणाऱ्यांच्या हाती गेला. शिंपला पाणी गाळून घेतो, तो नसल्यावर हिरवं पाणी निवळेना. शिंपल्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणून नुसते मासे असून भागत नाही, आधी एक जिवंत जोडी तरी तळात लागते. तीही कुठं उरली नव्हती. मामांच्या जाळ्यात तळाशी राहणारे मासे येईनासे झाले. प्रत्येक वेळी पंजा वर आला की ते वाकून विचारायचे, "आला का?" मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, "यील. टाइम लागतो."

चार वर्षं मी त्या तराफ्यावर त्यांच्यासमोर बसलो, हातभर अंतरावर, आणि सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मामा एक कागद घेऊन कॉलेजात आले. ते कॉलेजात कधी येत नसत. चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत आले आणि स्टुलावर बसले. शेजारच्या गावच्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं होतं. तिथं त्यांच्या मामेभावाची वस्ती, आणि तिथंही असाच एक खड्डा राखलेला. मामा म्हणाले की त्यांनी त्या सरपंचाला सांगून पाहिलं, तळात बी हाय, तेवढी जागा सोडा. सरपंच म्हणाला, तळात काहीच न्हाई असं मोठ्या सरांनी लिहून दिलंय, हा बघा कागद. त्याची झेरॉक्स मामा मागून घेऊन आले होते. आठ दिवसांत काम सुरू होणार होतं.

"मला काय वाचता येतंय," ते म्हणाले. "तुमी वाचा. कोन सर हाय ते बगू. तुमी त्याला समजून सांगितलं तर आयकंल."

कागद माझा होता. पाणलोट एकच, म्हणून जुना अभिप्राय तसाच जोडलेला. मी वाचायला लागलो. तलावाचं क्षेत्र, गाळाची अंदाजे खोली, मातीचा प्रकार. मामा मान हलवत ऐकत होते. मग तो रकाना आला.

"तळातील जीव," मी वाचलं, "निरंक."

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

"कशाचं काही न्हाई?"

"तळात जिवंत असं काही नाही."

त्यांनी कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "कोन लिव्हलं?"

"मी," म्हणालो. "चार वर्षांपूर्वी. आपल्या तलावाचा कागद आहे हा. तुम्ही बारशाला गेला होता तेव्हाचा."

मामांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिले. मग विचारलं, "पंजा टाकलता का?"

"टाकला. चावला नाही. वरच पडला."

"टाच?"

"नाही."

"खड्ड्यापशी गेलता?"

"नाही."

पुढचं त्यांनी विचारलं नाही, पण मीच सांगितलं. भावाचं नाव यादीत पहिलं होतं ते, ढेकळातले अकरा शिंपले, हौद, आणि कुणी विचारलं नाही असं मी त्यांच्या तोंडावर बोललो ते. सांगून हलकं वाटेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तसं काही झालं नाही. समोरचा माणूस म्हातारा दिसायला लागला, इतकंच झालं.

ते उठले, चपला घातल्या. दारातून म्हणाले, "चला सर. त्या तळ्यावर जाऊ."

सर हा शब्द मी ऐकला. त्यांनी तो मुद्दाम वापरला असं वाटलं नाही. दुसरा शब्द त्यांच्या तोंडात आला नाही, एवढंच.

दुसऱ्या तलावाचा तळ तसाच भेगाळलेला होता. मामा अनवाणी चालत गेले, मी मागून. त्या गावच्या दगडावरही हळद होती. त्याच्या बाजूला त्यांनी तीनदा टाच रोवली आणि म्हणाले, इथं खांदा. मी कुदळीनं खांदलं. हातभर काही नाही, दीड हातावर माती गार लागली, मग कुदळीचं टोक कशावर तरी कर्र वाजलं. मी कुदळ टाकून हातानं उकरलं. कोपरापर्यंत हात आत गेला. एका खड्ड्यात चौदा निघाले, मिटलेले, जड. मामांनी सगळे परत जागेवर ठेवायला लावले, वर तीच माती लोटायला लावली आणि पायानं दाबून घेतली.

त्याच दिवशी मी नवा कागद लिहिला. रकान्यात आकडा लिहिला, खोली लिहिली, जागा लिहिली. खाली लिहिलं की आधीचा अभिप्राय मी तळ न तपासता दिला होता, तो ग्राह्य धरू नये. त्या गावच्या ग्रामसभेत मामांनी मला हे उभं राहून वाचायला लावलं. मागून एकानं विचारलं, "सर, तुमच्या वावरात गाळ पडला तवा न्हाई का आठवलं?" लोक हसले. मी म्हणालो, तेव्हाच आठवायला हवं होतं. त्यावर आणखी हसले. प्राचार्यांकडे तक्रार गेली, मला लेखी समज मिळाली. काम थांबलं नाही, थांबावं असं मामांनाही वाटत नव्हतं. पण दगडाभोवती पाऊण एकर जागा पांढऱ्या फक्कीची रेघ मारून सोडली गेली. पोकलेन रेघेच्या बाहेरून फिरलं. एका कोपऱ्यात आत घुसलं, पण तेवढंच.

पाऊस होऊन दोन्हीकडे पाणी आल्यावर मामांनी तिथल्या वस्तीला विचारून तीस शिंपले घेतले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आपल्या तलावात आणून सोडले. मला बोलावलं नाही. नंतर कळलं.

पंजा टाकायचं मात्र चालू आहे. मीच विचारलं होतं, जमेल का. ते म्हणाले, "जमंल की. तळाचं काय भांडान हाय?" तराफा तेच वल्हवतात. चहा एकाच किटलीतला पितो. पण मी अजून सर आहे, आणि एक नवी रीत पडली आहे. पूर्वी मी चाळणी बघून वहीत काय लिहितो याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. आता मी पेन उचललं की ते वल्हं आडवं धरून थांबतात आणि लिहून झालं की म्हणतात, "वाचा." मग मी वाचतो, ओळ न ओळ.

गेल्या महिन्यात आम्ही सहाही जागा केल्या. काळा गाळ, लाल अळ्या, तीन ठिकाणी वरचा तपकिरी थर नखाएवढा. सहाव्या जागेवर चाळणी दोनदा धुतली. शिंपला नव्हता. त्या रकान्यावर माझा हात नेहमीच्या सवयीनं गेला आणि पहिलं अक्षर उमटलंही. मी ते खोडलं. मामा बघत होते.

लिहिलं आणि वाचून दाखवलं : "सहा ठिकाणी पंजा टाकला. पंजा चार बोटं खोल जातो. तेवढ्या खोलीत आज शिंपला मिळाला नाही. त्याखाली पाहिलेलं नाही."

मामांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी वाचलं. मग त्यांनी वल्हं पाण्यात घातलं.